दोन ठोके, मग एक

सन एकोणीसशे चोवीस. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि मराठी दुसरी शिकलेला होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यात माझ्या त्या दुसरीचा मोठा हात आहे.

रहिमानभाऊ मुलाण्याला मी विसरणार नाही आणि नथू मुकादमालाही विसरणार नाही. एकाला मानानं, दुसऱ्याला रागानं. लोक म्हणतात, सखाराम, आता म्हातारा झालास, दे सोडून. मी सोडत नाही. परवा लोणावळ्याला गेलो तर नथूच्या नातवानं दुकानात आज्याचा फोटो लावलेला. खाली त्याला सरकारनं दिलेलं पदक काचेत बसवलंय आणि त्याच्याखाली पाटी रंगवून घेतलीय, 'शूर पुरुष'. ती पाटी मी उभ्या उभ्या वाचली. आता मला सगळं वाचता येतं. घरी आलो आणि लिहायला बसलो.

रहिमानभाऊ मूळचा इंदुरीचा. बेताच्या उंचीचा, आखूड मानेचा, खांदे मात्र औताच्या बैलासारखे. डाव्या भुवईवर निळी रेघ होती, गोंदल्यासारखी. "कुनी गोंदलं, भाऊ?" असं कुणी विचारलं की म्हणायचा, "कोळशानं." तरुणपणी तो चांद्याकडं कोळशाच्या खाणीत आठ वर्षं होता. कपाळाला चीर पडली, तीत कोळशाची भुकटी बसली आणि वरून कातडं मिळून आलं. ती निळाई मरेपर्यंत गेली नाही.

खाणीतून त्यानं दोन गोष्टी आणल्या. एक ती रेघ आणि दुसरी दगड वाजवायची विद्या. सुरुंग उडाला की बोगद्याच्या माथ्याचा दगड ढिला होतो. डोळ्यांना तो दिसत नाही. पहारीनं ठोकून कान द्यायचा. खणखणीत वाजला तर माणसं आत सोडायची. बद्द वाजला तर आधी तो पाडायचा, खाली लाकडाचे टेकू द्यायचे, मग माणसं. आमच्या बोगदा पाडणाऱ्या टोळीत हे काम एकट्या रहिमानभाऊचं. तो माथा वाजवून बाहेर येऊन "जावा" म्हणाला की आम्ही जायचो. देवाला हात जोडायचे राहिले तरी चालायचं, पण त्याचं "जावा" ऐकल्याशिवाय कोणी पाऊल टाकत नसे.

ती सवय त्याच्या हाडात गेली होती. कुठंही बसायच्या आधी बोट वाकवून भिंत वाजवायचा. एकदा कार्ल्याला आमच्या घरी आला. माझ्या आईनं घोंगडी टाकली. त्यानं मागची भिंत वाजवली आणि उठून अंगणात जाऊन बसला.

"का रं बाबा, आमच्या घरात बसत न्हाईस?" आई फणकारली.

"बसतो की मावशी. पर ही भिंत आवंदाचा पावसाळा काढनार न्हाई."

आईला राग आला. चहा दिला, पण गूळ कमी घातला. श्रावणात ती भिंत बसली. कोणी सापडलं नाही, एक कोंबडी तेवढी गेली. तेव्हापासून आई बाजारातून मडकं आणायची ते आधी रहिमानभाऊपुढं ठेवायची. तोही गंभीर होऊन वाजवायचा. म्हणायचा, "मावशी, हे मडकं खरं बोलतंय. ठिऊन घ्या."

टोळीत नवा माणूस आला की त्याला पहिल्या दिवशी तो एक खूण शिकवायचा. ढिगाऱ्याखाली सापडलास तर ओरडू नको, दम जातो. हाताला लागंल त्यानं दगड ठोक. दोन लागोपाठ, मग थांबून एक. आणि ज्याला ऐकू येईल त्यानं बाहेरून उलट एक ठोका द्यायचा. त्याचा अर्थ, ऐकलं.

"दोन आन एकच का?" माझ्या थोरल्या भावानं, म्हादूनं, त्याला विचारलं होतं.

"आत पानी ठिबकत असतंय. ते बी टकटक वाजतं. वरचा मानूस म्हनतो, पानी हाय, आन निघून जातो. पर पानी मोजत न्हाई, म्हादू. मानूस मोजतो."

म्हादू हसला होता. ही खूण आम्हाला सगळ्यांना ठाऊक होती. नथू मुकादमाला तर चांगलीच ठाऊक होती, कारण टोळी उभी करून ती शिकवून घ्यायचं काम त्याचंच होतं.

काम घाटातलं होतं, कड्यात आडवा बोगदा पाडायचा. ठेकेदाराचं नाव लिहीत नाही, तो मेला. त्या मंगळवारी सकाळी सुरुंग उडाला तेव्हा रहिमानभाऊ दुसऱ्या तोंडाला गेलेला. तो येऊन माथा वाजवीपर्यंत थांबायला नथूला दम नव्हता. "रोज रोज काय वाजवायचं? देऊळ हाय का ते?" असं म्हणून त्यानं पाच जण आत घातले आणि त्यांच्यामागं आपण चार पावलं गेला. म्हादू त्या पाचांत पुढं होता. माझा नंबर दुसऱ्या खेपेला होता.

माथा बसला. नथू धुळीनं पांढरा होऊन बाहेर पळत आला. पायात जोडा एकच.

रहिमानभाऊ धावत आला तो सरळ आत गेला आणि ढिगाऱ्याला कान लावून बसला. मी त्याच्या शेजारी. आधी काही नाही. मग ठक ठक. मग थोडं थांबून, ठक. त्यानं पहारीनं उलट एक ठोका दिला. आतून लगेच पुन्हा दोन आणि एक आले, या वेळी जोरात.

"मुकादम, मानसं जित्ती हायत. मानसं द्या, टेकू द्या."

नथू तोंडाशी उभा होता. त्यालाही ऐकू आलं होतं. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो म्हणून सांगतो, आवाज आला तशी त्याची मान तिकडं वळली. पण तो म्हणाला, "पानी ठिबकतंय."

"पानी?"

"व्हय, पानी. पुन्याहून सायेब आल्याबगर कुनी हात लावायचा न्हाई. अजून माथा पडला तर कोन जबाबदार?"

मी त्याचे पाय धरले. हो, धरले. आयुष्यात तेवढे एकाच माणसाचे धरले आणि तो हा. त्यानं तोंडावर चार माणसं काठ्या देऊन उभी केली. सकाळपासून दुपार कलेपर्यंत आम्ही बाहेर उभे. आतून वाजत होतं. शेवटी रहिमानभाऊ पहार घेऊन उठला. काठीवाल्यांना म्हणाला, "माराचं तर मारा. पर डोक्यात मारा, हातावर मारू नका. हात लागनार हायती." ते चौघे बाजूला झाले. त्यातले दोघे तर काठ्या टाकून आमच्या मागं आत आले.

आम्ही खणलं. रहिमानभाऊ पुढं, दर हातभर गेलं की माथा वाजवायचा, टेकू द्यायचा आणि ढिगाऱ्यावर एक ठोका मारायचा. आतून दोन आणि एक यायचे. त्या उत्तरावर आमचे हात चालत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी, अगदी शेवटाला, रहिमानभाऊनं ठोका दिला आणि उत्तर आलं नाही. त्यानं पुन्हा दिला. मग पुन्हा.

तासाभरानं भोक पडलं. पाचांतले तीन जिवंत निघाले. एक पहिल्याच झटक्याला गेला होता. म्हादूचे पाय दगडाखाली होते आणि मुठीत हातोडी. वाचलेल्यातला एक जण म्हणाला, "म्हादूच वाजवत व्हता. आमच्यात ताकत नव्हती. उजाडताना हात थांबला."

उजाडताना. आणि आम्ही बाहेर उभे होतो तो अर्धा दिवस. हिशेब कळायला दुसरी पुरते.

वाचलेले तिघे कोकणातले होते. त्यांना ठेकेदारानं आठवड्यात त्यांच्या मुलखाला धाडून दिलं. रहिमानभाऊची जबानी कोणी घेतलीच नाही, कारण त्यानं हुकूम मोडला होता. तो खरा ठरला तर हुकूम देणारा खोटा ठरत होता. मला मात्र कचेरीत बोलावलं. कारकुनानं कागद पुढं सरकवला. "तुझ्या भावाच्या मृत्यूची जबानी आहे. वाचून बघ आणि सही कर."

कागद मोडीत होता. सगळ्या ओळी एकाला एक लोंबलेल्या. मला बाळबोध अक्षर तेवढं येत होतं, तेही बोट लावून. मोडीतलं एक अक्षर ओळखीचं नव्हतं. पण शेजारी टोळीतले दुसरे काही जण अंगठा द्यायला रांगेत उभे होते आणि त्यांच्या देखत सही करणारा मी एकटा. कारकून दुसऱ्यांदा म्हणाला, "वाच ना, घाई नाही." मी कागद हातात घेतला, वरपासून खालपर्यंत डोळे फिरवले, मधे एकदा मानही हलवली आणि सही ठोकली. मोठी, झोकदार.

पुढच्या हिवाळ्यात लोणावळ्याला मांडव उभा राहिला. मुंबईचे कोणी बडे साहेब येणार होते. बोगद्यात अडकलेले जीव वाचवल्याबद्दल पदक द्यायचं होतं. मी गेलो, मला वाटलं रहिमानभाऊला असणार. तो मागं उभा होता, अंगात धुतलेला सदरा आणि हातात पहार, कारण कामावरून तसाच आला होता. पदकाचं त्याला वावडं नव्हतं. खाणीत असताना तिथं जाळ झाला होता, तेव्हा एक गोरा साहेब स्वतः आत उतरला होता आणि त्याला पदक मिळालं होतं. ते सांगताना रहिमानभाऊ म्हणायचा, "त्याचं पदक खरं. मी त्याच्याच मागं व्हतो. त्याचा कोट जळताना बगितलाय मी."

मांडवात नाव पुकारलं ते नथू मुकादमाचं. एकानं मराठीतून वाचून दाखवलं. जिवाची पर्वा न करता मुकादमानं ढिगारा उपसायला सुरुवात केली, वगैरे. आणि शेवटी, 'ही हकीकत मयताचा सख्खा भाऊ सखाराम याने सहीनिशी कथन केली आहे.'

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्या, साहेब नथूच्या पांढऱ्या कोटावर पदक टाचायला वाकला. तेवढ्यात मागून, मांडवाच्या कडेच्या दगडावर, पहार वाजली. दोन लागोपाठ. मग थांबून एक. नथू असा दचकला की टाचणी त्याच्या छातीत गेली. कोटावर ठिपका उमटला, हरभऱ्याएवढा.

बाहेर आल्यावर रहिमानभाऊ पहार खांद्यावर टाकून चालत होता. मीच म्हणालो, "भाऊ, ती सही माझी हाय."

"ऐकलं की."

"मोडी व्हतं. मला वाचता येत न्हाई."

"मग तसं म्हनला का न्हाईस?"

"लाज वाटली."

तो थांबला. बोट वाकवून माझी छाती वाजवली आणि खरंच कान पुढं केला. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार.

"बद्द वाजतंय," तो म्हणाला. "पर भेग न्हाई. भेग असती तर तुला हितंच सोडला असता. जा, मोडी शीक."

मी शिकलो. दोन वर्षं एका वाण्याच्या ओट्यावर बसून शिकलो, ईर्षेनं. त्याआधी कचेरीतही गेलो होतो, जबानी खोटी आहे म्हणून सांगायला. कारकून म्हणाला, "सही तुझीच आहे ना? मग तेव्हा खोटा होतास का आत्ता?"

पदक घेतल्यावर नथूचं बस्तान बसलं. लोणावळ्यात बाजारपेठेच्या मागं घर बांधलं, पुढं घडीव दगडाची रुंद पायरी. माथा बसला त्याच वारी, एका मंगळवारी सकाळी, रहिमानभाऊ त्या पायरीपाशी उभा राहिला, पहारीनं दोन ठोके मारले, मग एक, आणि कान देऊन थोडा वेळ थांबला. आतून उलट ठोका आला नाही. मग निघून गेला. पुढच्या मंगळवारी परत.

पहिल्या वर्षी नथूनं पायरीवर गोणपाट अंथरलं. रहिमानभाऊनं ते उचललं, घडी घालून बाजूला ठेवलं, दगड वाजवला, थांबला आणि गोणपाट परत नीट अंथरून गेला. मग नथूनं फिर्याद केली. हवालदार मंगळवारी मुद्दाम येऊन उभा राहिला. मी तिथं होतो.

"काय मुलाणी, काय चाललंय?"

"दगड तपासतोय, हवालदारसायेब."

"कुनी सांगितलं तुला तपासायला?"

"माझा धंदाच हाय तो. कुनाच्या टाळक्यात पडू नये म्हून."

"पायरी कुनाच्या टाळक्यात पडती का रं?"

"आजवर न्हाई पडली. म्या तपासतो म्हून."

बघ्यांत हशा पिकला. हवालदारही हसला आणि नथूला म्हणाला, "मुकादम, तीन ठोक्यांवर कलम न्हाई माझ्याकडं."

वर्षामागून वर्षं गेली. रहिमानभाऊ काम सोडून इंदुरीला जाऊन राहिला तरी मंगळवारी तळेगावला गाडी धरून यायचा. एकदा ईद मंगळवारी आली. मला वाटलं, आज नाही येणार. नमाज पढून दुपारी आला. एका हातात पहार, दुसऱ्या हातात माझ्या आईसाठी शिरखुर्म्याचा डबा.

मी एकदा विचारलं, "भाऊ, कुटवर?"

"त्यानं उलट एक ठोका दिला की थांबलो. मला पदक नको, माफी नको. ऐकलं व्हतं एवढं त्यानं म्हनावं."

नथू आला एकदा, पण ठोका द्यायला नाही. बाराव्या-तेराव्या वर्षी असेल. इंदुरीला, किल्ल्याखालच्या रहिमानभाऊच्या अंगणात आला. मी त्या दिवशी भाऊकडंच होतो, नदीवरून पाणी आणून नुकताच बसलो होतो. नथूनं खिशातून पदक काढलं आणि खाटेवर ठेवलं.

"घे, रहिमान. तुझं हाय. सगळ्यांसमोर सांगतो पायजे तर. पर ते वाजवनं थांबव. मला झोप न्हाई. सोमवारी दुपारपासनं जेवन जात न्हाई."

रहिमानभाऊनं पदक उचललं, पहारीच्या टोकावर हलकेच आपटलं आणि कानाशी धरलं. बराच वेळ ऐकलं.

"चांदी खरी हाय रं," तो म्हणाला. "खनखनीत हाय. नथू, त्या दिवशी आतनं काय वाजत व्हतं?"

नथूनं टोपी काढून पुन्हा घातली.

"पानी व्हतं का?"

नथूनं माझ्याकडं बघितलं. मी म्हादूचा भाऊ. त्याच्या ओठांपर्यंत काहीतरी आलं आणि परत गेलं.

रहिमानभाऊनं पदक त्याच्या हातात दिलं आणि मूठ मिटवली. "हे घालत जा. मंगळवारी मी यीन तवा घालूनच बस."

तुम्हाला वाटेल रहिमानभाऊ कठोर होता. होता. पण म्हादूच्या वर्षश्राद्धाला दर साली तो आमच्या दारात लाकडं फोडून द्यायचा, आणि जेवणाला मात्र बसायचा नाही. म्हणायचा, "उशीर झाला व्हता मला. अर्धा दिवस म्या बी उभाच राहिलो व्हतो ना." त्यानं नथूला सोडलं नाही तसं स्वतःलाही सोडलं नाही. मला मात्र सोडलं. ते मला कधी कधी सहन होत नाही.

एकोणीसशे एकेचाळीस साली त्याचा दम गेला. दगडाची धूळ छातीत साठली होती. निरोप आला तसा मी सोमवारी सकाळीच इंदुरीला गेलो. अंगणात खाटेवर निजला होता, खांदे राहिले नव्हते, भुवईवरची निळी रेघ तेवढी ठळक. बोलणं बंद झालं होतं. मी हाक मारली, डोळे उघडले नाहीत. पण बोट हललं. खाटेच्या लाकडावर दोन लागोपाठ. मग थांबून एक.

मी लाकडावर एक ठोका दिला. ऐकलं.

त्याच्या तोंडावर जे आलं ते हसू होतं असं मी म्हणतो. बाकीचे म्हणतात, नव्हतं. ते मी अजूनही मानत नाही. दुपारी गेला. सूर्य मावळायच्या आत माती दिली, मीही तीन मुठी घातल्या. त्याच्या बायकोनं, भाभीनं, पहार माझ्यापुढं आणून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. उजाडताच पहार खांद्यावर टाकून तळेगावला चालत आलो आणि गाडी धरून लोणावळ्याला उतरलो. बातमी माझ्याआधी पोचली होती. नथू इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मंगळवारचा बाहेर ओट्यावर बसला होता, पाय सोडून, हातात चहाची बशी. छातीवर पदक नव्हतं. पायरीवर गोणपाट नव्हतं.

"गेला ना?" त्यानं मला विचारलं.

"गेला."

"सुटला बिचारा," नथू म्हणाला आणि बशी तोंडाला लावली.

मी पहार उचलली. दोन ठोके मारले. थांबलो. मग एक.

बशी कलंडली, चहा त्याच्या मांडीवर सांडला, पण त्यानं तो झटकला नाही. माझ्याकडं बघत राहिला, मग पहारीकडं. मी कान देऊन उभा होतो, रहिमानभाऊ उभा राहायचा तितका वेळ. मी निघणार एवढ्यात नथूचा हात हळूहळू ओट्याच्या खांबाकडं गेला. बोट वाकवून त्यानं लाकडावर एक ठोका दिला.

स्वच्छ ऐकू आला मला.

"पानी ठिबकतंय वाटतं," मी म्हणालो, आणि पहार खांद्यावर टाकून स्टेशनाकडं निघालो.